भडंगाचा डबा आणि सीलची दानपेटी



लेस्टरच्या माणसाला समुद्र कुठे आहे असं विचारलं, तर तो स्केगनेस म्हणतो. नकाशात पाहाल तर आमचं शहर इंग्लंडच्या अगदी पोटात आहे, कुठूनही निघा, समुद्र लांबच. पण होजिअरी आणि बुटांच्या कारखान्यांचे दिवस होते तेव्हा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सगळे कारखाने एकदम बंद व्हायचे आणि निम्मं गाव आगगाडीत बसून पूर्व किनाऱ्याला जायचं. कारखाने गेले, सवय राहिली. आमच्याकडच्या शाळांना अजूनही बाकीच्या इंग्लंडपेक्षा आधी सुट्टी लागते ती त्या पंधरवड्यामुळेच. शेजारच्या गोऱ्या आजी सांगतात की स्केगनेसच्या वाळूत उतरलं की तिथे गल्लीतलीच माणसं भेटायची.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे. लहानपणी सहल म्हणजे कुंभोजचा बाहुबली डोंगर नाहीतर स्तवनिधी. पायऱ्या चढायच्या, दर्शन घ्यायचं आणि झाडाखाली बसून दशम्या खायच्या. समुद्र कधीतरी, गणपतीपुळ्याला. त्यामुळे इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात "स्केगनेसला जाऊ या" असं ह्यांनी म्हटलं, तेव्हा सासूबाईंनी पहिलं विचारलं, "तिथं देऊळ कुठलं?" देऊळ नाही म्हटल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग जपमाळ घेते."

तेव्हापासून कोविडची वर्षं सोडली तर एकही उन्हाळा चुकलेला नाही. रस्ता अडीच तासांचा. बोस्टनच्या पुढे जमीन अशी सपाट होते की शेताच्या टोकाला आभाळच लागतं. तिथल्या चर्चचा उंच मनोरा कितीतरी मैल आपल्या सोबत असतो. दोन्ही बाजूंना कोबी, फ्लॉवर आणि बटाटे, नजर पोचेल तिथवर बटाटे. सासूबाई दर वर्षी खिडकीतून बघतात आणि म्हणतात, "एवढं कंदमूळ!" मुलं हे वाक्य त्यांच्याआधी म्हणून दाखवतात.

गावाबद्दल थोडं सांगते. 1873 मध्ये रेल्वे आली आणि स्कारब्रो नावाच्या उमरावाने गाव आखून वसवलं. 1881 मध्ये समुद्रात 1844 फूट लांब धक्का बांधला, त्याला पिअर म्हणतात. 1978 च्या जानेवारीतल्या वादळाने त्याचा मोठा भाग नेला, आता उरलाय तो तुकडाच. व्हिक्टोरिया राणीच्या साठ वर्षांच्या राज्याची आठवण म्हणून 1899 मध्ये घड्याळाचा मनोरा उभा राहिला. पोरं हरवली की भेटायची जागा तीच. आणि गावभर एका जाड्या, दाढीवाल्या कोळ्याचं चित्र, वाळूवर उड्या मारणारं. 1908 मध्ये जॉन हॅसल नावाच्या चित्रकाराने रेल्वेच्या जाहिरातीसाठी ते काढलं, बारा गिनींना. गंमत अशी की चित्र काढलं तेव्हा त्याने स्केगनेस पाहिलेलंच नव्हतं. तो तिथे गेला 1936 मध्ये. जाहिरातीत म्हटलंय की इथली हवा फार तरतरी आणणारी आहे. भाषांतर करायचं तर: जुलैतही स्वेटर न्या.

आता खाण्याचं, कारण तुम्ही तेच विचारणार. इथला उन्हाळा म्हणजे आपला चातुर्मास. पालेभाजी बंद, कंदमूळ तर बाराही महिने बंद. किनाऱ्यावर प्रत्येक दुसरं दुकान मासे आणि बटाट्याच्या काप्यांचं. बटाटा बाजूला ठेवा, पण या भागात पुष्कळ ठिकाणी तळण अजूनही गाईच्या चरबीत असतं, हे नव्याने आलेल्या मुलींना माहीत नसतं. "चिप्सच तर आहेत" म्हणून खातात. विचारून घ्या. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन. कापसाची मिठाई म्हणजे नुसती साखर आणि रंग. त्या गुलाबी, आरपार गावाचं नाव लिहिलेल्या पुदिन्याच्या कांड्या मिळतात, त्याही साखरेच्याच. पण पाकिटावरचं वाचल्याशिवाय मी काही घेत नाही. बाकी आमचा डबा: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याचे काप आणि जयसिंगपूरचं बिनलसणाचं भडंग. वाऱ्यात भडंग खायचं म्हणजे कसरत असते. एकदा एका समुद्रपक्ष्याने माझ्या मुलाच्या हातातली पुरी पळवली. सासूबाई खूश झाल्या. "चल, कुणाच्या तरी पोटात शुद्ध अन्न गेलं."

रात्रिभोजनाची मात्र काळजी नाही. शाळा सुटतात तेव्हा सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो, दोन घटका आधी म्हटलं तरी साडेआठपर्यंत वेळ. सासूबाई या एका बाबतीत इंग्लंडवर प्रसन्न आहेत. डिसेंबरात पावणेचारला सूर्य जातो तेव्हा त्यांचं मत बदलतं, ते वेगळं.

किनाऱ्यावर त्या कापडी आरामखुर्चीत बसतात, डोक्यावरून पदर, वर माझा कोट. पाण्यात उतरत नाहीत. "थेंबात असंख्य जीव, उगाच कशाला तुडवायचं?" मुलं उतरतात आणि मी त्यांना अडवत नाही. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पाण्यापर्यंत चालतच राहावं लागतं. मागे उरलेल्या डबक्यांत बारीक खेकडे असतात. बाकीची मुलं ते बादलीत भरतात, आमची नुसती वाकून बघतात. रिकामे शिंपले आणायचे नाहीत, हा माझा नियम. रिकामा म्हणता म्हणता आत कुणीतरी निघतं.

गाढवांचं सांगायलाच हवं. वाळूवर गाढवांची रांग असते, मुलांना फेरी मारून आणतात. पहिल्यांदा सासूबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यांना तोंडपाठ, त्यातला एक अतिभारारोपण. मग ह्यांनी त्यांना समजावलं की इथे आठ स्टोनपेक्षा, म्हणजे साधारण पन्नास किलोपेक्षा, जड कुणाला बसवत नाहीत, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, ब्लॅकपूलला तर गाढवांना जेवणाची सुट्टीसुद्धा असते. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांना गिरणीत एवढी कुठली होती!" तरी आमची मुलं बसली नाहीत. गाजर पण नेता येत नाही, म्हणून सफरचंद देतात.

सुट्टीवरून आठवलं. इथला ऑगस्टचा सोमवार सर जॉन लबक यांनी 1871 च्या कायद्याने मिळवून दिला. हे गृहस्थ बँकवाले, पण घरात काचेच्या पेट्यांमध्ये मुंग्या पाळून त्यांचा अभ्यास करायचे, त्यावर पुस्तकही लिहिलंय. मुंग्यांकडे इतकं लक्ष देणाऱ्या माणसाने गरिबांच्या सुट्टीकडे लक्ष दिलं, मला तो आवडतो. मात्र आता हा सोमवार ऑगस्टच्या शेवटी येतो आणि बरेचदा दशलक्षण पर्वाच्या आसपास पडतो. तेव्हा आम्ही समुद्र नाही, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं आपलं जैन सेंटर गाठतो.

दोन पेन्सच्या नाण्यांची यंत्रं असतात, नाणं टाकलं की पुढची नाणी ढकलली जातात. इथे लहान मुलांनाही ते खेळायची बंदी नाही. आमच्या घरी आहे. सप्तव्यसनांत पहिला जुगार, नाणं दोन पेन्सचं असलं तरी. यावर माझा मुलगा दर वर्षी वकिली करतो आणि दर वर्षी हरतो.

पण खरा वाद यंत्रांवरून झाला नाही. किनाऱ्याच्या उत्तर टोकाला नेचरलँड नावाचं ठिकाण आहे, 1965 पासूनचं. वॉशच्या खाडीत आणि किनाऱ्यावर आईपासून ताटातूट झालेली सीलची पिल्लं तिथे आणतात, बरी करतात आणि परत समुद्रात सोडतात. जुन्या पांजरपोळासारखंच की! दोन वर्षांपूर्वी काचेपलीकडे एक पिल्लू पाहिलं. हाडं दिसत होती, डोळे मात्र माणसासारखे. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. वाढदिवसाचे वीस पौंड तिच्या पर्समध्ये होते. ती सरळ दानपेटीकडे निघाली.

सासूबाई म्हणाल्या, "थांब बाळ. ह्यांना खायला काय घालतात?"

मासे. अगदी लहानांना मासे वाटून नळीने देतात.

मग काय! पाठशाळेत शिकलेलं सगळं बाहेर आलं. सासूबाई म्हणाल्या, सील समुद्रात मासे खातो ते त्याचं कर्म, आपण पैसे देऊन मासे मारवून आणायचे म्हणजे कारित. कृत, कारित, अनुमोदना, तिन्ही सारखेच बांधतात. मुलगी म्हणाली, "आणि हे समोर मेलं तर? ते बघत राहिलो ते काय?" सासूबाईंनी मार्ग काढला. चार दानं आहेत, त्यातलं औषधदान दे, पाकिटावर लिही फक्त औषधासाठी. पोरगी हुशार. म्हणाली, "आजी, औषधाचे पैसे आपण दिले की त्यांचे औषधाचे पैसे माशांना मोकळे होतात." मागे उभा असलेला एक म्हातारा इंग्रज आम्हाला वाट मिळायची म्हणून शांतपणे थांबला होता.

हे म्हणाले, पोटी सोड ना तिला, लहान आहे. मी काही बोलले नाही. मला वाटलं, हा हिशोब त्या दोघींचाच आहे आणि दोघी बरोबर आहेत. मुलीने नोट घडी करून पेटीत टाकली. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही, अडवलंही नाही. माळ फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी एकासन केलं. तिथी कुठलीच नव्हती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "असंच." मुलीला कळलं. तिने त्या दिवशी संध्याकाळचं दूध सोडलं, कुणी न सांगता. आजीने तिला जवळ घेतलं, पण त्या विषयावर दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

वाद मात्र मिटलेला नाही. गेल्या वर्षी मुलीने विचारलं, पांजरपोळात कुत्र्यांना काय घालतात? भाकरी-दूध. मांजरांना? दूध. "सील मोठा झाला की दूध पीत नाही, आजी." सासूबाईंनी त्या रात्री कोल्हापूरला पंडितजींना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

सासूबाई आता ऐंशीच्या पुढे गेल्यात. गुडघे चालत नाहीत, वाळूत चाकाची खुर्ची रुतते. म्हणून यंदा मी म्हटलं, राहू दे स्केगनेस, जवळच कुठेतरी जाऊ. त्यांनी ऐकलं नाही. शनिवारी निघतोय. काल त्यांनी भडंग स्वतः परतलं, स्टूलावर बसून, आणि एक लिफाफा माझ्याकडे दिला. वर काही लिहिलेलं नाही. "पोरीकडं दे," म्हणाल्या, "काय करायचं ते तिचं ती ठरवेल."