स्नेहाचे माप

'स्नेह' म्हणजे तेल आणि मायाही, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगतो. त्याचे माप मात्र नेमबाजीच्या सरावात कळते. दिवंगत क्रीडामानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांच्या या नाशकात नेमबाजाच्या एकाग्रतेविषयी पुष्कळ बोलले जाते. बंदुकीच्या पोटाविषयी कमी.

स्पर्धेतल्या रायफली आता साठवलेल्या हवेवर चालतात. आमच्या विद्यार्थिनी मात्र स्प्रिंगची एकच जुनी एअर रायफल आळीपाळीने वापरतात. तिच्यात दट्ट्या क्षणार्धात हवा दाबतो आणि ती हवा तापते. तेथे शिवणयंत्राचे तेल गेले तर ते पेटते, धूर निघतो, छऱ्याचा वेग बदलतो, वॉशर खराब होतो. म्हणून तेथे सिलिकॉन तेलाचा एखादाच थेंब, तोही क्वचित, खटक्याच्या सांध्यांना वंगणाचा पुसट हात, नळी कोरडी.

छरा ४.५ मिलिमीटरचा, आणि १० मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा. नेम हुकला की मुली स्वतःलाच बोल लावतात; दोष कधी झिजलेल्या वॉशरचाही असतो. रायफल निर्दोष असेल, तरच 'चूक माझी' म्हणण्याला अर्थ उरतो. तो अर्थ त्यांना मिळावा, एवढ्यासाठीच ही निगा.