बातमीविना घेतलेले निर्णय

त्रिखंडी अद्भुत कादंबऱ्यांच्या दुसऱ्या खंडाबद्दल वाचकांची तक्रार ठरलेली असते. पहिल्या खंडात नवं जग उलगडतं, तिसऱ्यात युद्धाचा निकाल लागतो. दुसऱ्याच्या वाट्याला येते ती नुसती पायपीट. पुष्कळ मालिकांच्या बाबतीत हे खरंही आहे. दोन खंडांत मावणारी गोष्ट ओढूनताणून तिनांत बसवली, की मधला खंड पातळ होणारच. पण या प्रकाराचा वस्तुपाठ ज्या ग्रंथाने घालून दिला, त्या जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मधला खंड, ‘द टू टॉवर्स’, मला तिन्हींत सरस वाटतो. त्यातल्या लढाया आणि चालतीबोलती झाडं सर्वांच्या लक्षात राहतात, पण माझं कारण वेगळं आहे. पहिल्या खंडात सगळे एकत्र बसून मसलत करतात, शहाणीसुरती माणसं सल्ला द्यायला हजर असतात. तिसऱ्यात निकाल हाती येतो. मधे मात्र सोबती पांगलेले, कोण जिवंत आहे हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी माणसाने निर्णय कशाच्या भरवशावर घ्यायचा, हा प्रश्न या खंडाचा आहे.

खंडाची सुरुवातच बघा. बोरोमिर मरतो, मेरी आणि पिपिनला शत्रूचे सैनिक पळवून नेतात, फ्रोडो आणि सॅम नदी ओलांडून निघून गेलेले. अ‍ॅरागॉर्नने अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोच्या मागे जावं की पळवलेल्या दोन पोरसवद्यांच्या? ती घातक अंगठी नष्ट करण्यावरच मोहिमेचा सगळा भार आहे, त्यामुळे हिशेबी उत्तर उघड आहे. तो मात्र कैद्यांच्या मागे धावतो, आणि आपले निर्णय चुकत चालले आहेत असं मानतच धावतो. खंडाच्या दुसऱ्या टोकाला सॅम उभा आहे. शेलॉब या राक्षसी कोळिणीने डसल्यावर फ्रोडो मेला अशी त्याची खात्री होते. तो अंगठी स्वतःकडे घेतो आणि एकटाच पुढे निघतो. मग शत्रूच्या सैनिकांच्या, म्हणजे ऑर्कांच्या, बोलण्यातून कळतं की फ्रोडो जिवंत आहे. सॅमची माहिती साफ खोटी होती. तरीही त्याने अंगठी काढून घेतली नसती, तर ती फ्रोडोबरोबर थेट शत्रूच्या हाती पडली असती. या दोन पेचांच्या मधे बोरोमिरचा भाऊ फारामिर येतो. भावाच्या मृत्यूचं दुःख ताजं असताना ज्या अंगठीपायी तो भाऊ ढळला तीच त्याच्या हाती आपसूक येते, आणि तो फ्रोडोला वाट मोकळी करून देतो. पुढे काय होईल हे त्यालाही माहीत नसतं.

टोल्किन यांनी रचनाही अशी केली आहे, की हे न कळणं वाचकाच्याही वाट्याला यावं. खंडाच्या पहिल्या अर्ध्या भागात फ्रोडोचं दर्शनच होत नाही. दुसऱ्या अर्ध्यात गोष्ट काही दिवस मागे जाते आणि केवळ फ्रोडो, सॅम व त्यांचा वाटाड्या गोलम यांच्याबरोबर दलदलीतून आणि खडकांतून चालत राहते. लेखक पडदा किंचित सरकवतो तो एके ठिकाणी. काळ्या दरवाजासमोर लपलेला फ्रोडो जादूगार गॅंडाल्फला मेलेला समजून त्याची आठवण काढतो, तेव्हा निवेदक सांगतो की त्याच सुमारास गॅंडाल्फ ऑर्थँक मनोऱ्याच्या पायऱ्यांवर फितूर सारुमानशी बोलतो आहे. वाचकाला हे कळतं, पण फ्रोडोला सांगण्याची सोय नाही. खंडाचा हा दुसरा अर्धा, म्हणजे ग्रंथाचा चौथा भाग, टोल्किन यांनी 1944 साली लिहिला आणि त्याची प्रकरणं हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, टपालाने पाठवली. दूरच्या माणसाच्या खबरबातीची वाट पाहणं म्हणजे काय, हे या लेखकाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा की हा मधला खंड मुळात अपघाताने झाला. टोल्किन यांनी सहा भागांचा सलग ग्रंथ लिहिला होता. युद्धोत्तर काळात कागद महाग, म्हणून प्रकाशकांनी तो तीन खंडांत काढला. हे खरंच आहे. ‘द टू टॉवर्स’ या शीर्षकावर टोल्किन खूश नव्हते, आणि ते दोन मनोरे नेमके कोणते यावर त्यांचंच बराच काळ ठरत नव्हतं. पण ही अडचण आली कुठून? तिसऱ्या आणि चौथ्या भागांना जोडणारा धागाच सापडेना, इतके ते एकमेकांपासून तोडलेले आहेत. खंड पाडले प्रकाशकांनी; ही ताटातूट मात्र लेखकाचीच. 2002 साली आलेल्या पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटाने दोन्ही कथा आलटूनपालटून दाखवल्या. पडद्यावर तसं करणं भाग असेल, पण त्यामुळे सगळ्यांची खबर प्रेक्षकाला सतत मिळत राहते. फारामिरलाही तिथे आधी ढळावं लागतं, फ्रोडोला ओस्गिलिअथला न्यावं लागतं. मुळातला फारामिर पटकथेला पेलवला नाही, असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. चुकीच्या माहितीवर घेतलेले निर्णय शेवटी बरोबर ठरतात, कारण लेखक ते ठरवतो. मग त्यात धैर्य कसलं? हे पूर्ण खरं असतं तर माझा मुद्दा तिथेच संपला असता. पण न कळण्याची किंमतही याच खंडात मोजावी लागते. फारामिरच्या लोकांकडून गोलमचा जीव वाचावा म्हणून फ्रोडो त्याला बोलावून पकडवतो. गोलमला तो विश्वासघात वाटतो. पुढे किरिथ उंगोल खिंडीच्या पायऱ्यांवर झोपलेल्या फ्रोडोकडे पाहून गोलम क्षणभर विरघळतो, त्याच्या गुडघ्याला हळूच हात लावतो, आणि जागा झालेला सॅम त्याच्यावर खेकसतो. तो क्षण जातो, दोघांना शेलॉबकडे नेण्याचा गोलमचा बेत कायम राहतो. इथे चांगल्या माणसाचं अज्ञान नाश ओढवून घेतं. संपूर्ण कथेतला बहुधा हाच सर्वांत शोकात्म क्षण, असं टोल्किन यांनी पत्रातून म्हटलं आहे.

शेवट आधीच माहीत असलेल्या आजच्या वाचकाला यातलं काय लागू पडणार, असंही कुणी विचारील. महाभारत ऐकत वाढलेल्यांना तरी हा प्रश्न पडू नये. वनपर्व मधलंच, राज्य गेलेलं, युद्ध अजून दूर. तिथे खचलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व नलाची कथा सांगतो, मार्कंडेय रामाची आणि सावित्रीची. कौरव हरणार हे श्रोत्याला ठाऊक असतं, युधिष्ठिराला नसतं, आणि कथा ऐकून त्याची वाट तसूभरही कमी होत नाही. टोल्किन यांच्या कथेतही, किरिथ उंगोलच्या त्याच पायऱ्यांवर, गोलमचा तो प्रसंग घडण्याच्या थोडं आधी, सॅमला जुन्या काळच्या बेरेनची गोष्ट आठवते. आपल्याजवळच्या कुपीतला प्रकाश त्याच गोष्टीतून आला आहे, म्हणजे आपणही अजून तिच्यातच आहोत, हे त्याच्या ध्यानात येतं. गोष्टीचा शेवट त्याला तेव्हाही माहीत नसतो.

पहिल्या वाचकांना तर शेवट न कळण्याची ही अवस्था कित्येक महिने सोसावी लागली. हा खंड 11 नोव्हेंबर 1954 रोजी आला आणि पुढचा 20 ऑक्टोबर 1955 रोजी. कोण कोणत्या तारखेला कुठे होता हे जुळवून दाखवणारी कालसूची त्या शेवटच्या खंडाच्या परिशिष्टात आहे. आता तिन्ही खंड एकत्र मिळतात, म्हणून नव्या वाचकाला एवढंच सांगणं आहे, की मधला खंड संपेपर्यंत ती पानं उघडू नका आणि फ्रोडोची खबर काढायला अर्धा खंड ओलांडून पुढे जाऊ नका.