कायद्याचा बालेकिल्ला आणि माझा वर्ग

२०२५ च्या दिवाळीतली गोष्ट. आमचा सात वर्षांचा नातू चकलीच्या डब्यात हात घालताना पकडला गेला. आईने डोळे वटारले, तसे लबाडाने दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि म्हणाला, "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला!" घरात हशा पिकला. मीही पोटभर हसले.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. त्या ऑक्टोबरात आमच्या शहर पोलिसांनी गुंडांविरुद्ध जोरदार मोहीम काढली. आयुक्त होते संदीप कर्णिक. कालपर्यंत दहशत मिरवणारे 'भाई' पकडले जायचे आणि कॅमेऱ्यासमोर हात जोडून हे वाक्य म्हणायचे. त्यांत राजकीय पक्षांची माणसंही होती. ते व्हिडिओ मोबाइलमोबाइलवर फिरले आणि बघता बघता ती घोषणा पोराटोरांच्या तोंडी बसली.

खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. खून आणि हल्ल्यांच्या बातम्यांनी शहर धास्तावलेलं होतं. संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर सगळ्यांचं एकमत झालं, "पोलीस जागे झाले बुवा!"

आमच्या पिढीचं आणि पोलिसांचं नातं तसं विचित्रच. "जेवला नाहीस तर पोलिसाला देईन हं" असं म्हणत आम्ही मुलांना घास भरवले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणताना त्यात पोलीस चौकीचीही पायरी गृहीत धरली. आताच्या मुलांना मात्र पोलीस मोबाइलवर भेटतात. मुंबई पोलीस २०१५ च्या डिसेंबरात ट्विटरवर (म्हणजे आताच्या एक्सवर) आले आणि सिनेमातल्या संवादांवर कोट्या करत हेल्मेट घाला, पासवर्ड सांभाळा असं सांगू लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला, तेव्हा नागपूर पोलिसांनी त्याला कळवलं होतं की बाबा रे, उत्तर दे, सिग्नल तोडल्याचा दंड आम्ही करणार नाही! माझ्या कॉलेजात जाणाऱ्या नातीने हे मला वाचून दाखवलं होतं. खाकीला विनोद कळतो हे पाहून मला मौज वाटली होती.

पण चकलीच्या त्या प्रसंगानंतर रात्री झोप लागेना. नातवाचे जोडलेले हात डोळ्यांसमोर येत राहिले आणि त्यांच्यामागे आणखी एक जोडलेले हात.

१९८४ साल असेल. माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. सहलीसाठी जमा केलेले पैसे माझ्या टेबलाच्या खणातून गेले. दोन दिवसांत मुलगा सापडला, त्याने कबूलही केलं. मी त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं केलं आणि हात जोडून म्हणायला लावलं, "मी चोरी केली, पुन्हा करणार नाही." उपाय लागू पडला. त्या वर्षी वर्गातून खडूचा तुकडासुद्धा हरवला नाही. मुलं मात्र मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती फेर धरून तेच वाक्य म्हणायची. शिक्षा मी एकदाच दिली, मुलांनी ती वर्षभर चालू ठेवली.

त्याच वर्गातल्या एका मुलीला शाळेच्या वाटेवर एक माणूस त्रास देत होता. मला कळलं ते पार मार्च महिन्यात, तेही तिच्या आईकडून. मी तिला विचारलं, "अगं, मला का नाही सांगितलंस?" ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाली, "बाई, मला वाटलं तुम्ही सगळ्यांसमोर उभं कराल."

तिने तर काहीच केलं नव्हतं! पण मुलांचा हिशोब निराळा असतो. तो चोर आणि आपण साव, असं ती धरून चालत नाहीत. बाईंच्या कानावर गेलेली गोष्ट चव्हाट्यावर येते, एवढंच ती लक्षात ठेवतात.

हे सगळं पुन्हा आठवलं ते नातीमुळे. दिवाळीनंतर तिचा फोटो वापरून कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं आणि तिच्या नावाने नको ते लिहायला सुरुवात केली. तिने आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. शेवटी माझ्याजवळ रडली. मी म्हटलं, "पोलिसांचे व्हिडिओ तर आवडीने बघतेस, मग त्यांच्याकडे का नाही गेलीस?" ती म्हणाली, "आजी, ते बघायला बरं वाटतं गं. पण आपण त्यात असू नये."

शेवटी आम्ही दोघी तक्रार द्यायला गेलो. तिथली महिला पोलीस माझ्या नातीहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिने दार लोटून घेतलं, पाणी दिलं आणि पहिलंच वाक्य बोलली, "यात तुझी काही चूक नाही." स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगितले. मग विचारलं, "फोन तुझ्या नंबरवर करू की आजींच्या?" त्या एका प्रश्नाने नातीचे खांदे सैल झाले. चार दिवसांत ते खातं बंद झालं. पुढच्या महिन्यात तिच्या दोन मैत्रिणी आमच्याकडे आल्या, 'तिथे कसं जायचं' ते विचारायला.

या घटनेचा व्हिडिओ झाला नाही. होणारही नाही आणि होऊ नये. पण नातीचा पोलिसांवरचा विश्वास त्या लोटलेल्या दारामागे बसला, आणि तिच्या तोंडून मैत्रिणींपर्यंत गेला.

गुंडांना जरब बसू नये असं मी म्हणत नाही. पण न्यायालयात सिद्ध होईपर्यंत आरोपी हा आरोपीच असतो, हे आपण नागरिकशास्त्रात शिकवत आलो. अठरा वर्षांखालच्या मुलाची ओळख उघड करायला तर २०१५ चा बाल न्याय कायदाच मनाई करतो. आणि पोलिसांच्या पानावर हात जोडलेले गुंड दिसतात, तसं हेही वारंवार दिसावं की मुलांनो, तुम्ही सांगितलेलं आम्ही गुप्त ठेवतो. अडचणीत ११२ आहे, पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० आहे, आणि राष्ट्रीय सायबर पोर्टलवर महिला-मुलांबाबतच्या काही तक्रारी नाव न सांगताही देता येतात. किती मुलांना हे ठाऊक असेल?

त्र्यंबक रोडवर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीद आहे 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय'. संस्कृत मी बीएपर्यंतच शिकले, पण त्यात रक्षण आधी येतं, एवढं मला कळतं.

असो. माझा तो विद्यार्थी आता पन्नाशी ओलांडलेला असेल. नाशिकमध्येच असेल तर त्यानेही ते व्हिडिओ पाहिले असतील. सगळे हसत असताना तो हसला असेल का, हे मला त्याला विचारायचं आहे. पण त्याआधी मला त्याची माफी मागावी लागेल. सगळ्यांसमोर नाही, एकट्याची.