दोन सीटची, वापरलेली, जपानहून आलेली

गेल्या वर्षी मी एक युनोस रोडस्टर घेतली. तीस वर्षं जुनी, दोन सीटची, छप्पर उघडणारी, जपानहून इंग्लंडमध्ये आलेली. घेण्याआधी चार महिने नुसत्या गाड्या बघत होते. त्या चार महिन्यांत जे कळलं ते इथे लिहून ठेवते, कारण कॉव्हेंट्रीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी जाहिरातीची लिंक टाकून विचारतं, ‘ही कशी वाटते गं?’ लिंक बघून काहीच सांगता येत नाही. जाहिरातीत सगळ्याच गाड्या उन्हात उभ्या असतात.

आधी गाडीविषयी थोडंसं. माझदाने ही गाडी फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. जगात ती एमएक्स-५ म्हणून ओळखली जाते. जपानमध्ये मात्र माझदाच्या ‘युनोस’ नावाच्या वेगळ्या शोरूममधून विकली गेली, म्हणून तिथली ती युनोस रोडस्टर. १.६ लिटरचं इंजिन, हजार किलोच्या आत वजन, ताकद मागच्या चाकांना. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर साठच्या दशकातल्या हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार होत्या, त्यातही लोटस एलान. म्हणजे ब्रिटिश कल्पनेची गाडी हिरोशिमात बनली, जपानी माणसाने वापरली आणि मग जहाजातून ब्रिटनला आली. दोन्हीकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे अडचण नाही. जपानमध्ये गाडीला पहिल्या तीन वर्षांनी आणि पुढे दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाच्या तपासणीतून जावं लागतं. त्याचा खर्च जड जातो, म्हणून तिथे जुन्या गाड्यांचे भाव लवकर उतरतात. त्या इकडे येतात त्या अशा.

माझ्याकडे साडेसहा हजार पौंड होते. तीन वर्षांत साठवलेले. घराच्या डिपॉझिटसाठी म्हणून सुरुवात केली होती, पण घर काही त्या पैशात येत नाही. आईला फोटो पाठवला तर तिने एकच विचारलं, ‘दोनच सीट? मग आम्ही आलो की बसायचं कुठं?’ बाबा काही बोलले नाहीत. ते सांगलीला एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज आला : ‘बघायला जाशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर. एकटी जाऊ नको.’

पहिली गाडी बर्मिंगहॅमजवळच्या एका डीलरकडे होती. १९९०ची व्ही-स्पेशल, गडद हिरवा रंग, आत तपकिरी लेदर, लाकडी स्टिअरिंग. मी तिच्याकडे बघतच राहिले. सोबत ऑफिसमधला मित्र होता, त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण डीलर सगळी माहिती त्यालाच सांगत होता. मी फोन बॉनेटसमोर धरला. बाबा म्हणाले, ‘अगं, आधी हात लाव बॉनेटला.’ बॉनेट गरम होतं. ‘मग कशाला गरम करून ठेवलीय? थंड गाडी सुरू करून बघायची असते. थंडीतच इंजिन खरं बोलतंय.’

मग मी खाली वाकले. या गाडीत बघायची पहिली जागा म्हणजे दाराखालचा पत्रा, ज्याला इथे सिल म्हणतात, आणि त्यातही मागच्या चाकाच्या पुढचा भाग. कारण साधं आहे. छपराच्या कापडावरून ओघळणारं पाणी सीटमागे असलेल्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्यांत पाला-कचरा अडकला की पाणी आत तुंबतं आणि सिल आतून गंजतो. बाहेरून रंग छान दिसत असतो तेव्हा आत पापुद्रे सुटलेले असतात. छप्पर नसलेल्या गाडीत सिल शोभेचा नसतो, गाडीचा भार तोच पेलतो. बाजूने धक्का बसला तर तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये तोच असतो.

मी खिशातून फ्रिजवरचा मॅग्नेट काढला, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळून सिलवर धरला. पुढे चिकटला. मागच्या चाकाजवळ आणला तर सुटून पडला. म्हणजे तिथे लोखंड नव्हतं, पुट्टी होती, आणि वरून नवाकोरा काळा थर. (हीच परीक्षा बॉनेटवर करू नका. या गाडीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे, तिथे मॅग्नेट चिकटतच नाही. एका मित्राने घाबरून चांगली गाडी सोडली होती.) डीलर म्हणाला, तेवढं किरकोळ असतं. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण सूर कळला असावा. म्हणाले, ‘चल, घरी जा.’ त्या हिरव्या रंगाचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गाडी लाल, १९९१ची. विकणारा माझ्याच वयाचा, सरळ मुलगा. त्याने सगळे कागद टेबलावर मांडले आणि मला समजलं की आयात गाडीची कागदं वाचणं हे वेगळंच काम आहे.

ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी एमओटी नावाची चाचणी लागते. सरकारी वेबसाइटवर नंबर टाकला की २००५पासूनच्या चाचण्या फुकट दिसतात : पास की नापास, किती मैल, कुठे गंज. पण आयात गाडीचा हा इतिहास ती इथे आल्यावर सुरू होतो. आधीची दहा-पंधरा वर्षं तिथे कोरीच. म्हणून दोन गोष्टी बघायच्या. एक, ती इथे कधी आली. वीस वर्षांपूर्वी आली असेल तर तिने इथले वीस हिवाळे खाल्लेत, आणि इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ‘जपानी गाडी आहे, गंज नसतो’ हे वाक्य नुकत्याच उतरलेल्या गाडीबद्दल थोडंफार खरं असेल, वीस वर्षं इथे राहिलेल्या गाडीबद्दल नाही. दोन, मीटर. जपानी मीटर किलोमीटरचा आणि १८० पर्यंतचा असतो. इथे काहींनी तो बदलून मैलांचा केला, काहींनी नाही. एक लाख किलोमीटर म्हणजे बासष्ट हजार मैल. एका वर्षी आकडा किलोमीटरचा आणि पुढच्या वर्षी मैलांचा लिहिला गेला की इतिहासच बिघडतो. कागद आणि पेन घेऊन बसा, वर्षाला किती चालली ते काढा. आकडा मागे गेलेला दिसला तर का ते विचारा.

त्या मुलाकडे जपानच्या लिलावातला मूळ कागदही होता. त्यावर कोपऱ्यात गाडीचा दर्जा असतो. ४ किंवा ४.५ म्हणजे चांगली, आणि ‘आर’ लिहिलं असेल तर अपघातानंतर दुरुस्त केलेली. बाजूला गाडीचं चित्र असतं आणि त्यावर खुणा : ‘ए’ ओरखडा, ‘यू’ पोचा, ‘डब्ल्यू’ दुरुस्त केलेला पत्रा, ‘एक्सएक्स’ बदललेला. बाकीचं जपानी फोनच्या भाषांतर ॲपने वाचता येतं. लाल गाडीवर ‘आर’ होतं. त्या मुलाला ते माहीतच नव्हतं. मी दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

पुढे इंजिनात एक गोष्ट बघितली. १९९१च्या सुमारापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली चावी झिजली की पुली डगमगते, टायमिंग बिघडतं, आणि दुरुस्ती म्हणजे जवळपास इंजिनच उतरवायचं. खूण अशी, की त्या पुलीला चार खाचा असतात, नंतरच्या सुधारलेल्या इंजिनाला आठ. लाल गाडीला चार होत्या. पुली सरळ फिरत होती, म्हणजे त्या दिवशी तरी काही बिघडलेलं नव्हतं. पण दुरुस्त केलेला सांगाडा आणि नाजूक क्रँक दोन्ही एकत्र घ्यायची माझी ऐपत नव्हती. मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्याने त्या दिवशी जाहिरातीत ‘आर’ची गोष्ट लिहून किंमत कमी केली. गाडी महिन्याभरात गेली, घेणाऱ्याला सगळं माहीत होतं.

तिसरी पांढरी, १९९४ची, १.८ लिटरची. निवृत्त शिक्षिकेची. फोनवरच सांगितलं होतं, मी येईपर्यंत सुरू करू नका. बॉनेट थंड होतं. सुरू केल्यावर टिकटिक आवाज आला. ‘टॅपेट वाजतंय,’ बाबा म्हणाले, ‘पाच मिनिटं चालू दे.’ या इंजिनात टॅपेटला ऑइलच्या दाबाने जागेवर राहावं लागतं. ऑइल पोचलं की आवाज जातो. गेला. दुसरा गिअर थंडीत जरा अडत होता, ते या गाडीत नेहमीचंच. गरम झाल्यावर अडला असता तर काळजी होती. सायलेन्सरमधून निळा धूर नाही. बाईंच्या परवानगीने सीटमागच्या नळ्यांत बाटलीभर पाणी ओतलं. दोन्ही बाजूंनी मागच्या चाकांपुढे खाली आलं. मॅग्नेट शेवटपर्यंत चिकटला. इंजिनामागच्या पत्र्यावर ठोकलेला ‘एनए८सी’चा नंबर नोंदणीच्या कागदाशी जुळला. बाईंनी प्रत्येक सर्व्हिसची पावती ठेवली होती. टायमिंग बेल्ट मात्र कधी बदलला त्याची पावती नव्हती. हा बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो. तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, पण गाडी असेल तिथे उभी राहते. तेवढे पैसे मी किमतीतून वजा करायला सांगितले. बाईंनी केले.

पाच हजार दोनशेला सौदा झाला. उरलेल्या तेराशेतून बेल्ट, चार टायर आणि सिलच्या आत गंजरोधक मेण. हा हिशेब पहिल्या दिवसापासून धरा. हातातले सगळे पैसे किमतीत घातलेत तर गाडी घेतलीत, चालवायची राहिली. आणि विमा कंपनीला ही आयात गाडी आहे हे सांगा. लपवलं तर दाव्याच्या वेळी तेच पुढे येतं.

ही गाडी मी कधी सांगलीला नेऊ शकणार नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर सर्वसाधारण नियमाने ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. बाबांना ते माहीत आहे. पुढच्या मे महिन्यात ते आणि आई येणार आहेत. सीट दोनच, त्यामुळे एक जण घरी थांबणार. कोण, यावर सांगलीत वाद सुरू झालाय, आणि आईने परवा विचारलं, ‘त्या छपराला चेन उघडून मग खाली करायचं असतं ना?’ मागच्या प्लॅस्टिकच्या काचेची चेन आधी उघडायची, नाहीतर काच दुमडून तडकते. हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.