चार गावांची नगरपालिका

मुक्काम पुनावळे

चि. बाळ,

तुझे बेर्नडॉर्फहून आलेले पत्र सावकाश वाचले. ट्रीस्टिंग नदीकाठच्या त्या लहानशा ऑस्ट्रियन नगरात 1843 साली धातूच्या भांड्यांचा नि काट्या-चमच्यांचा कारखाना निघाला. पुढे आर्थर क्रुप या धन्याने कामगारांसाठी घरे उभारली, नाटकगृह उभारले, आणि जिच्या बारा वर्गखोल्यांपैकी एक मिसरी, एक मूरिश, एक गॉथिक अशी प्रत्येक निराळ्या शैलीत सजवलेली आहे, ती शाळाही त्यानेच बांधली, हे सारे तू किती प्रेमाने वर्णिले आहेस! शेवटी तू विचारतोस की, आपल्या पिंपरी-चिंचवडला असा एखादा धनी का लाभला नाही? या प्रश्नाने माझ्या मनात बरीच खळबळ उडवली, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

आपल्या नगराला एक धनी नव्हता. 1954 साली केंद्र सरकारने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या देशात साध्या जखमेच्या विषाराने धडधाकट माणसे दगावत, त्या देशाला स्वतःचे औषध स्वतः करता यावे, ही त्यामागची आकांक्षा होती, आणि आपल्या मुलुखातील उद्योगाचा श्रीगणेशा अशा कार्याने झाला याचा मला आजही अभिमान वाटतो. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग कारखान्यांसाठी भूसंपादनाच्या नोटिसा, सातबाराच्या उताऱ्यांवरील फेरफार आणि तलाठ्याच्या दफ्तरापुढील गर्दी. आकुर्डीस बजाजच्या स्कूटरी, पिंपरीस टेल्कोच्या मालमोटारी होऊ लागल्या, आणि साताऱ्या-सोलापुरापासून मराठवाडा-खानदेशापर्यंतचे तरुण वळकटी घेऊन येथे उतरले.

इतक्या माणसांना पाणी, रस्ते नि गटारे पुरवणे ग्रामपंचायतींच्या आवाक्यातले नव्हते. नेते अण्णासाहेब मगरांच्या पुढाकाराने 4 मार्च 1970 रोजी पिंपरी वाघेरे, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावे मिळून नगरपालिका झाली. त्यांतील चिंचवड म्हणजे मोरया गोसावींच्या समाधीचे आणि चापेकर बंधूंचे गाव. तेथील माणसाला आपल्या गावाचे नाव दुसऱ्या नावाला जोडणे सोपे गेले नसेल. नव्या संस्थेचा कणा होता जकात. हद्दीवरच्या नाक्यांवरून पोलादाचे पत्रे नि सुटे भाग आत येत, त्यांवरील वसुलीने तिजोरी भरे, आणि आशियातील सर्वांत श्रीमंत नगरपालिका असा तिचा लौकिक झाला. बाळ, क्रुपच्या दानात आणि या जकातीत मला मोठा भेद दिसतो. धनी देतो तेव्हा घेणाऱ्याने उपकार मानायचे असतात. कर गोळा होतो तेव्हा नागरिकाला हिशेब मागण्याचा हक्क असतो. सुशोभित वर्गखोल्यांचे मोल मी कमी लेखत नाही, परंतु नळाला पाणी का आले नाही हे ठणकावून विचारण्याचा अधिकार मला त्याहून मोलाचा वाटतो.

1982 साली महानगरपालिका झाली आणि 1997 साली आपले पुनावळे इतर गावांसह हद्दीत आले. 2013 मध्ये जकात संपली, नाके ओस पडले. तू लहानपणी पाहिलेली शेते आता शोधावी लागतील. हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांमुळे गुंठ्याचा भाव असा चढला की नांगर धरणे कुणालाच परवडेना; बाह्यवळण महामार्गाखालच्या अरुंद भुयारी वाटेत सकाळ-संध्याकाळ वाहनांची जी रांग लागते, तिच्यात ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या आणि नोकरदार सारेच ताटकळतात.

मला सर्वांत सलते ती गोष्ट आता सांगतो. या शहराची तहान मुख्यतः पवना नदीवर भागते. पलीकडच्या काठी रावेतला बंधारा आहे, तेथून पाणी उचलून शहराला दिले जाते. पवना धरणापासूनच बंद जलवाहिनी टाकण्याचा बेत निघाला तेव्हा, आपले पाणी जाईल या भयाने मावळातले शेतकरी 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. ज्यांच्या गावच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्यावरच ही पाळी यावी! तेव्हापासून नळ उघडताना मावळाची आठवण होते.

कचऱ्याचेही तसेच. पुनावळ्यातील वनजमिनीवर कचरा डेपोचे आरक्षण होते. आपण सर्वांनी, जुन्या गावकऱ्यांनी आणि नव्या सोसायट्यांतील बिऱ्हाडकरूंनी, खांद्याला खांदा लावून विरोध केला, आणि 2023 च्या डिसेंबरात शासनाने तो बेत रद्द केल्याचे जाहीर केले. मला अतोनात आनंद झाला, तो मी लपवीत नाही. पण आपल्या घरचा कचरा रोज कोठे जातो? मोशीला, आणि मोशीही आपल्याबरोबरच हद्दीत आलेले गाव. आपण नको म्हटलेला भार त्यांनी किती काळ वाहावा, याचे उत्तर आंदोलनाच्या सभांमध्ये कुणी दिले नाही. ओला कचरा सोसायटीतच जिरवण्याचा आग्रह मी म्हणूनच धरून बसलो आहे. काही शेजारी वैतागतात, वैतागोत बापडे.

धनी लाभलेल्या तुझ्या नगराविषयी आता माझी एक चौकशी आहे. क्रुपच्या शाळेबद्दल तू पानेच्या पाने लिहिलीस, परंतु कारखाना येण्यापूर्वी त्या खोऱ्यात कोण राहत होते, जमिनी कोणाच्या होत्या, त्यांचे वंशज आज तेथील नगरसभेत बसतात की नाही, हे एकाही ओळीत नाही. तेथील वृद्धांना विचार, नगरपालिकेचे जुने दफ्तर पाहायला मिळत असेल तर पाहा, आणि सविस्तर लिही.

सौ. सूनबाईस व मुलांस आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच.

तुझा,
मामा