लिलीचे कांदे

परवा कल्याणच्या एका नर्सरीत चकचकीत खोक्यात एक कांदा दिसला. खोक्यावर लाल फुलाचा फोटो, हॉलंडचं नाव आणि किंमत साडेचारशे. मी उभ्या उभ्या चिडलो. आमच्या शहाडच्या चाळीत हे फूल कुणी विकत घेतलं नाही. "वहिनी, लिलीचे दोन कांदे द्या हो," एवढं म्हटलं की काम व्हायचं.

एप्रिल सरता सरता कोरड्या मातीतून जाड हिरवा दांडा वर यायचा. टोकाचं आवरण उकललं की शेंदरी कर्णे चार दिशांना तोंडं करून उभे. दांडा आतून पोकळ. फुलं गळली की आम्ही तो फुंकणीसारखा फुंकायचो. शेळ्या दारातली तुळस सोडत नसत, पण लिलीला तोंड लावत नसत. कांद्यात लायकोरीन नावाचं विष असतं, ते त्यांना आमच्याआधी ठाऊक.

आजीला मात्र लिली चालत नसे. "वास नाही, देवाला नको." मग जास्वंदीला कुठला आलाय वास? गणपतीला ती मात्र हवी! हा मुद्दा मला सुचला तेव्हा आजी राहिली नव्हती.

फूल मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १७९९ साली इंग्लंडात प्रेस्कॉटच्या आर्थर जॉन्सन या घड्याळजीनं दोन जातींचा पहिला संकर केला. पुढे त्याचं काचघर उद्ध्वस्त झालं. संकर टिकला तो त्यानं लिव्हरपूलच्या बागेला आधीच कांदे देऊन ठेवले होते म्हणून.

हे वाचताना मला आमची मोरी दिसते. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी चाळीत शिरली. दुसऱ्या दिवशी घरात घोटाभर गाळ. गाद्या, स्टोव्ह, माझ्या वह्या, सगळं एका रंगाचं. बाबा पंचनाम्याची वाट बघत दारात, आणि आई मोरीत पिंपातल्या पावसाच्या पाण्यात लिलीचे कांदे धूत बसलेली. "भांडी कोण घासणार?" बाबा खेकसले. तिनं एक कांदा अंगठ्यानं दाबून पाहिला, मऊ लागला तसा फेकला आणि पुढचा उचलला. त्यातले निम्मे तिनं पुढच्या आठवड्यात वाटून टाकले. मला तेव्हा रागच आला होता.

तेव्हा साडेचारशे घालवू नका. कुणाच्या अंगणात दिसली तर कांदा मागा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. लावताना मान मातीवर राहू द्या, पार पुरलात तर पावसात कुजतो. आणि फूल आलं की खुशाल देवाला वाहा.