कलेजी कोणाच्या पानात?

गेली बावीस वर्षे मी कारकुनी करतो. दुसऱ्याच्या वहीतली एका रुपयाची चूक मला दिसते. स्वतःच्या घरातली दिसली नाही, ती वाचकांपुढे मांडतो.

माझी धाकटी मुलगी दहावीत. पावसाळ्यात शाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली. दवाखान्यात तपासले तर हिमोग्लोबिन ८.२. निदान १२ तरी हवे. डॉक्टरबाईंनी विचारले, "पाळी किती दिवस चालते?" पोरीने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. नऊ दिवस, हे नंतर तिच्या आईने सांगितले. वर्षभर असेच चालले होते!

शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती गुपचूप फेकून देत होती, कारण आजी म्हणाली होती, "या गोळ्यांनी पुढं पोरं होत नाहीत." आजी म्हणजे माझीच आई. तिला काय दोष द्यावा? १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला, यावर मी सभेत तासभर बोलतो. घरात पाळी हा शब्द उच्चारलेला नव्हता.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुली रक्तपांढरीच्या निघाल्या. दहातल्या सहा.

मग एका रविवारी विहारात वंदनेनंतर नर्सबाईंना बोलावले. "पोरांना बाहेर काढा," असे काही बाया म्हणाल्या. नर्सबाईंनी ऐकले नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, उपाशीपोटी मळमळते. शौच काळी झाली तर घाबरू नये. जेवणावर लगेच चहा नको, उसळीवर लिंबू पिळावे. पाळीचे कापड अंधारात न वाळवता उन्हात घालावे. आठवड्याच्या वर रक्त गेले तर दवाखाना गाठावा. पोरे आधी खिदळली, मग गप्प बसली. माझ्या आईनेच उठून विचारले, "मग पोरं होत्यात ना?" सारा विहार हसला. "होतात आजी, उलट धडधाकट होतात."

रोजच्या गोळ्यांवर तीन महिन्यांनी पोरीचे १०.४ झाले. अजून १.६ कमी आहे.

आमच्याकडे मटणातली कलेजी आजवर माझ्या आणि मुलाच्या पानात पडायची. गेल्या रविवारी आईने ती नातीला वाढली. मुलगा फुरंगटला, "मग मला काय?"

"तुला रस्सा," आई म्हणाली.